ट्रॅक्टरच्या रेडिएटरमधील पाणी का घटते?

मृगाच्या सरी पडून जमिनीला वापसा आला म्हणजे पेरणीसाठी मोजकेच दिवस हाती असतात. अशा वेळी ट्रॅक्टर बांधावर वाफा सोडीत उभा राहिला, तर नुकसान केवळ यंत्राचे होत नाही. वापसा निघून जातो, भाड्याने दुसरा ट्रॅक्टर मिळत नाही, आणि पेरणीची वेळ एकदा टळली की ती त्या वर्षापुरती टळलीच. इंजिन तापून बंद पडण्याचे हे प्रकार बहुतांशी अकस्मात घडत नाहीत. त्यापूर्वी कित्येक दिवस रेडिएटरमधील पाणी थोडेथोडे कमी होत असते. चालक रोज सकाळी तांब्याभर पाणी ओततो आणि ‘ट्रॅक्टर जरा पाणी खातो’ असे म्हणून कामाला लागतो.

वस्तुतः निर्दोष इंजिन पाणी खात नाही. बंद झाकणाच्या रेडिएटरमधील पाणी तेच ते फिरत राहावयाचे असते. ते घटते याचा अर्थ कोठून तरी बाहेर जाते, आत झिरपते किंवा उकळून उडते. या तिहींपैकी नेमके काय होते आहे हे शोधून काढणे फारसे अवघड नाही. बऱ्याच तपासण्या चालकास वा गावातील कार्यकर्त्यास विशेष हत्यारांवाचून करता येतात. त्यांची माहिती पुढे क्रमाने दिली आहे.

इंजिन थंड का राखावे लागते?

डिझेल इंजिनात दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडतो व तो पेट घेतो. जळत्या वायूंचे तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. पिस्टन बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात, आणि शुद्ध ॲल्युमिनियम तर ६६० अंशांस वितळते. डिझेलपासून निघालेल्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग प्रत्यक्ष कामी येतो. तितकाच भाग सायलेन्सरवाटे धुराबरोबर जातो. उरलेल्या उष्णतेपैकी पुष्कळशी पाण्याने वाहून न्यावी लागते. ती वाहून नेली गेली नाही, तर इंजिन ऑइल पातळ होऊन त्याचा थर तुटतो, पिस्टन फुगून लायनरमध्ये अडकतो, हेड वाकडे होते आणि हेड गॅस्केट उडते. मग इंजिन पूर्ण उघडल्यावाचून गत्यंतर राहत नाही.

पाण्याचा फेरा

इंजिनाच्या लायनरभोवती व हेडमध्ये पाण्यासाठी पोकळ्या असतात. वॉटर पंप या पोकळ्यांतून पाणी फिरवितो. तापलेले पाणी वरच्या होस पाइपातून रेडिएटरच्या वरच्या टाकीत येते, जाळीच्या बारीक नळ्यांतून खाली उतरता उतरता निवते आणि खालच्या होस पाइपातून पुन्हा पंपाकडे जाते. पंखा समोरून हवा ओढून जाळीतून खेचतो. पंप व पंखा बहुतेक ट्रॅक्टरांत एकाच पट्ट्यावर चालतात.

वाटेत थर्मोस्टॅट नावाची एक लहानशी झडप असते. तिच्यातील मेण तापून फुगले म्हणजे ती उघडते. सामान्यतः ७० ते ९० अंशांच्या दरम्यान, त्या त्या इंजिनास योग्य अशा तापमानास, ती उघडावी अशी योजना असते. इंजिन थंड असेपर्यंत ती रेडिएटरकडील वाट बंद ठेवते. त्यायोगे इंजिन लवकर कामाच्या तापमानावर येते.

रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नव्हे, ही गोष्ट अनेकांस ठाऊक नसते. त्यात स्प्रिंगवर बसविलेली एक झडप असते व ती आतील पाण्यावर दाब राखते. दाब वाढला की पाण्याचा उकळबिंदू वाढतो. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांस उकळते. झाकणाने दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोग्रॅम जादा दाब राखला तर ते सुमारे १११ अंशांस उकळते, आणि एक किलोग्रॅम राखला तर सुमारे १२० अंशांस. उंचावर हवेचा दाब कमी असल्यामुळे दर ३०० मीटर चढणीस उकळबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. पुण्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंशांस, तर महाबळेश्वरास सुमारे ९५ ते ९६ अंशांस उकळते. म्हणजे घाटमाथ्यावरील शेतकऱ्यास चांगल्या झाकणाची गरज कोकणपट्टीतील शेतकऱ्यापेक्षा थोडी अधिकच आहे.

झाकणात दुसरी एक लहान झडप उलट दिशेने उघडणारी असते. इंजिन निवताना पाणी आकसते, तेव्हा ही झडप बाजूच्या बाटलीतील पाणी परत आत घेते. ती अडकली तर बाटलीत गेलेले पाणी परतत नाही आणि रात्री होस पाइप चपटे झालेले दिसतात.

तपासणीपूर्वी एक ताकीद

गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. आतील पाणी दाबाखाली १०० अंशांपेक्षाही अधिक तापलेले असते. झाकण सैल होताच दाब जातो व ते तत्क्षणी वाफ होऊन उसळते. चेहरा, डोळे व हात भाजण्याचे अपघात याच कारणाने होतात. इंजिन बंद करून निदान पाऊण तास वाट पाहावी आणि वरचा होस पाइप हातास कोमट लागेपर्यंत झाकणास स्पर्श करू नये. त्यानंतरही जाड गोणपाट टाकून, तोंड बाजूस ठेवून, झाकण प्रथम अर्धे फिरवावे व फुसफुस थांबल्यावरच पूर्ण काढावे.

कोणी भाजल्यास त्या भागावर २० मिनिटे साधे थंड पाणी वाहते ठेवावे. बर्फ, तेल, शाई वा अन्य लेप लावू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून रुग्णास दवाखान्यात न्यावे.

पहिली पायरी : घट मोजणे

‘पाणी कमी होते’ एवढ्या माहितीवर निदान होत नाही. किती कमी होते आणि कोणत्या कामानंतर होते, हे कळावयास हवे. यास्तव सकाळी इंजिन थंड असता, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, रेडिएटर ठरलेल्या पातळीपर्यंत भरावा व बाटलीवर खूण करावी. पुढील चार दिवस रोज त्याच वेळी किती पाणी घालावे लागले ते मापाने मोजून वहीत लिहावे. त्या दिवशी नांगरट केली, रोटाव्हेटर चालविला की ट्रॉली ओढली, हेही शेजारी नोंदवावे.

या चार ओळींतून पुष्कळ बोध होतो. ट्रॅक्टर नुसता उभा असूनही पातळी उतरत असेल, तर गळती बाहेरची अथवा लायनरच्या सीलमधील असण्याचा संभव असतो. केवळ जड कामाच्या दिवशीच घट होत असेल, तर पाणी उकळून किंवा दाबाने झाकणावाटे बाहेर पडते असे समजावे. काम हलके असो वा जड, घट रोज वाढतच जात असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

दुसरी पायरी : बाहेरची गळती

रात्री ट्रॅक्टर उभा करताना इंजिन व रेडिएटर यांच्याखाली कोरडा पुठ्ठा किंवा जुने वर्तमानपत्र पसरावे. सकाळी त्यावर डाग कोठे पडला ते पाहून वरच्या भागाचा माग काढावा. चालत्या इंजिनावर पडलेला थेंब जागीच सुकतो, म्हणून पाण्याबरोबर पाण्याचे वळही शोधावेत. साध्या पाण्याच्या गळतीचा वळ पांढरा किंवा तांबूस गंजाचा असतो. कूलंट घातले असल्यास त्याच्या रंगाचा चिकट वा पुडीसारखा थर दिसतो.

पुढील ठिकाणे या क्रमाने पाहावीत.

१. होस पाइप व त्यांच्या क्लिपा. पाइप हाताने दाबून पाहावा. तो कडक होऊन भेगाळला असेल किंवा लोण्यासारखा मऊ झाला असेल, तर बदलावा. खालच्या पाइपाकडे विशेष लक्ष द्यावे. तो मऊ झाल्यास पंपाच्या ओढीने चालत्या इंजिनावर चपटा होतो व पाण्याचा फेरा तुटतो.

२. वॉटर पंपाच्या खालच्या अंगास असलेले लहान छिद्र. पंपातील सील झिजले म्हणजे पाणी बेअरिंगमध्ये न जाता येथून बाहेर पडावे, अशी ही योजना आहे. येथून थेंब पडू लागला तर छिद्र बुजवू नये. पंपाचे सील बदलण्याची वेळ आली असे समजावे.

३. रेडिएटरच्या वरच्या व खालच्या टाकीचे सांधे, जाळीच्या नळ्या आणि पाणी सोडण्याचा कॉक.

४. इंजिनाच्या बाजूस पोकळ्यांची तोंडे बंद करणाऱ्या पत्र्याच्या गोल टिकल्या. साधे पाणी वर्षानुवर्षे वापरल्यास या आतून गंजून पाझरतात.

५. हेड व ब्लॉक यांच्या सांध्याची कड.

६. बाटलीकडे किंवा जमिनीकडे जाणारी बारीक नळी. तिच्या टोकाशी वाळलेले वळ असतील, तर पाणी झाकणावाटे बाहेर जाते हे सिद्ध होते.

थंड अवस्थेत न दिसणारी गळती दाबाखाली प्रकट होते. त्यासाठी कारागिराकडे झाकणाच्या जागी बसविण्याचा हातपंप असतो. झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढी हवा भरून काही मिनिटे थांबावे. काटा उतरला आणि बाहेर कोठेही ओल दिसली नाही, तर पाणी आत जात आहे असे मानावे. त्याच पंपावर झाकणाचीही परीक्षा होते.

तिसरी पायरी : आतली गळती

आतली गळती अधिक घातक असते, कारण ती दिसत नाही. परंतु तिच्या खुणा असतात, आणि त्या प्रत्येकीचा अर्थ वेगळा आहे.

इंजिन ऑइलची तपासणी. डिपस्टिक काढून ऑइलचा रंग पाहावा. ते दुधाळ चहासारखे दिसत असेल व त्याची पातळी न घालता वाढली असेल, तर चेंबरमध्ये पाणी शिरले आहे. पातळी वाढली, पण ऑइल दुधाळ नसून पातळ झाले आणि त्यास डिझेलचा वास येतो, तर दोष पाण्याचा नसून डिझेलच्या बाजूचा आहे. शंका असल्यास एक सोपी परीक्षा करावी. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या चेंबरचे बूच सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, किंचित सैल करावे. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते व प्रथम तेच बाहेर येते. दुसरी परीक्षा अशी की ऑइलचा एक थेंब तापलेल्या लोखंडी पत्र्यावर दूर उभे राहून टाकावा; त्यात पाणी असेल तर तो तडतडतो. ऑइलमध्ये पाणी आढळल्यास इंजिन मुळीच चालवू नये. पाणीमिश्रित ऑइलने बेअरिंगे अल्पकाळातच खराब होतात.

पाण्यातील बुडबुडे. थंड इंजिनाचा रेडिएटर काठोकाठ भरून झाकण काढून ठेवावे व इंजिन सुरू करावे. आरंभी अडकलेली हवा निघते, तिला महत्त्व देऊ नये. परंतु बुडबुडे सतत येत राहिले आणि वेग वाढविताच वाढले, तर जळलेला वायू पाण्यात शिरतो आहे. हेड गॅस्केट उडाल्याची किंवा हेडला तडा गेल्याची ही मुख्य खूण होय. याच दोषात थंड इंजिन सुरू केल्यावर, पाणी अद्याप तापले नसतानाही, एकदोन मिनिटांतच वरचा होस पाइप टणक लागतो. ही परीक्षा थोड्याच वेळात आटोपावी. पाणी तापू लागण्यापूर्वी इंजिन बंद करावे आणि फिरत्या पंख्यापासून धोतर, पदर, उपरणे दूर ठेवावे.

धूर. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून थोडी वाफ निघणे स्वाभाविक आहे. इंजिन पुरते तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर विचार करावा. डोळ्यांस झोंबणारा, डिझेलचा उग्र वास असलेला पांढरा धूर हा न जळलेल्या डिझेलचा असतो व तो नॉझल किंवा टायमिंगच्या दोषाने येतो. वाफेसारखा, कूलंट घातले असल्यास गोडसर वासाचा धूर मात्र पाणी सिलिंडरमध्ये जात असल्याचे दर्शवितो.

पाण्यावरील तवंग. रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग दिसला पण बुडबुडे नसतील, तर ज्या इंजिनास ऑइल कूलर आहे तेथे तो प्रथम तपासावा.

पुष्कळ डिझेल इंजिनांत लायनर ‘ओले’ असतात, म्हणजे पाणी प्रत्यक्ष लायनरच्या अंगास लागते. त्यांच्या तळाशी रबरी कडी असतात. ती कडक झाली की पाणी सरळ चेंबरमध्ये उतरते. याखेरीज अशा लायनरांना आणखी एक रोग जडतो. पिस्टनच्या आघातांनी लायनर थरथरतो व त्याच्या बाहेरील अंगास बाष्पाचे सूक्ष्म बुडबुडे उत्पन्न होऊन फुटतात. हे आघात एकाच जागी होत राहिले म्हणजे धातूस सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि कालांतराने आरपार छिद्र पडते. योग्य कूलंटमधील द्रव्ये लायनरवर संरक्षक थर धरून हा क्षय रोखतात. केवळ विहिरीचे पाणी वापरणाऱ्या इंजिनास हे संरक्षण मिळत नाही.

पाणी पुरेसे असूनही इंजिन तापत असेल तर

गळती कोठेही नाही, तरीही जड कामात पाणी उकळते, असा प्रकार वारंवार आढळतो. याची कारणे प्रायः साधी असतात.

जाळी बुजणे हे पहिले कारण. मळणीच्या दिवसांत भुसा, काडीकचरा, गवताचे तूस व धूळ जाळीत बसते. समोरून जाळी स्वच्छ दिसली, तरी दोन थरांच्या मध्ये कचरा दडलेला असतो. इंजिन थंड करून, पंख्याच्या बाजूने समोरच्या दिशेस हवा किंवा मंद दाबाचे पाणी मारून ती साफ करावी. समोरून पाणी मारल्यास कचरा अधिक आत ठासला जातो. फार जोराच्या धारेने जाळीचे पत्रे वाकतात, हेही ध्यानात ठेवावे. मळणीच्या हंगामात हे काम रोज करावे.

दुसरे कारण पट्टा. दोन कप्प्यांमधील लांब बाजूवर अंगठ्याने दाबले असता पट्टा साधारणतः १० ते १५ मिलिमीटर दबावा; नेमके माप त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असते. पट्टा ढिला असेल तर पंप व पंखा दोन्ही मंदावतात. फाजील ताणला तर पंपाचे बेअरिंग जाते. दुरुस्तीनंतर पंखा उलटा बसविला गेल्यानेही हवा पुरेशी ओढली जात नाही.

तिसरे कारण थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकणे. इंजिन पुरेसे तापले असूनही वरचा होस पाइप थंड राहत असेल, तर हा संशय घ्यावा. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने लोंबता ठेवावा, शेजारी थर्मामीटर धरावा व पाणी तापवावे. त्याच्यावर छापलेल्या अंशाच्या सुमारास तो उघडला पाहिजे.

येथे एका रूढ गैरसमजाचा उल्लेख करणे अवश्य आहे. ट्रॅक्टर तापतो म्हणून थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याची सल्ला पुष्कळ ठिकाणी दिली जाते. असे केल्याने हलक्या कामात इंजिन कधीच योग्य तापमानावर येत नाही. थंड इंजिनात डिझेल पुरते जळत नाही, ते लायनरवरील ऑइल धुऊन काढते, आम्लयुक्त ओल साठते व लायनर आणि रिंगा झपाट्याने झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसल्यास पाणी रेडिएटरकडे न जाता जवळच्या वाटेने परत फिरते आणि तापण्याचा दोष उलट वाढतो. बिघडलेला थर्मोस्टॅट बदलावा. त्याची जागा रिकामी ठेवू नये.

याशिवाय शक्तीबाहेरचे अवजार, चुकलेले टायमिंग, ऑइलची कमतरता आणि आत धरलेली क्षारांची पुटे ही कारणेही लक्षात घ्यावीत.

स्वस्त व बाहेरचे आधी

निदानाचा क्रम कसा राखावा हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, एका ट्रॅक्टरमध्ये रोटाव्हेटरच्या दिवशी लिटरभर पाणी घालावे लागते, परंतु ट्रॉली ओढल्यास पातळी हलत नाही. कोणी हेड उघडण्याचा आग्रह धरतो. तथापि पुठ्ठा कोरडा आहे, ऑइल स्वच्छ आहे, बुडबुडे येत नाहीत आणि पांढरा धूर नाही. म्हणजे हेडविरुद्ध एकही पुरावा नाही. उलट, बारीक नळीच्या टोकाशी वाळलेले वळ आहेत. पाणी झाकणावाटेच जाते. आता दोनच प्रश्न उरतात : झाकण दाब राखीत नाही की पाणी प्रमाणाबाहेर तापते? झाकण काढून पाहिल्यावर त्याचे रबर कडक होऊन चिरलेले दिसते, आणि जाळीच्या दोन थरांत भुसा सापडतो. नवे झाकण आणि तासाभराची साफसफाई एवढ्यावर काम भागते. हेड उघडले असते, तर मजुरी, गॅस्केट व हंगामातील दिवस व्यर्थ गेले असते, आणि दोष होता तेथेच राहिला असता.

झाकण बदलताना त्यावरील दाबाचा आकडा मूळ झाकणाइतकाच असावा. जास्त दाबाच्या झाकणाने जुनी जाळी व होस पाइप फुटण्याचा धोका असतो.

रेडिएटरमध्ये कोणते पाणी घालावे?

महाराष्ट्रातील पुष्कळ विहिरींचे पाणी जड आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात तर ते खारटही असते. जड पाणी तापले की त्यातील चुन्याचे क्षार धातूवर पुटे धरतात. चहाच्या किंवा पाणी तापविण्याच्या भांड्यात जसा पांढरा थर बसतो, तसाच तो हेडच्या पोकळ्यांत बसतो. हा थर लोखंडापेक्षा कित्येक पटींनी कमी उष्णता वाहू देतो. रोज नवे पाणी ओतणारा शेतकरी रोज नवे क्षारही ओतत असतो. खारे पाणी याच्या भरीस धातू गंजविते.

उत्तम मार्ग म्हणजे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट, सांगितलेल्या प्रमाणात, बाटलीबंद शुद्ध पाण्यात मिसळून वापरणे. बॅटरीसाठी मिळणारे पाणी त्यास चालते. शुद्ध पाणी न मिळाल्यास स्वच्छ पत्र्यावरून धरलेले पावसाचे पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा पुष्कळ बरे. आपल्याकडे पाणी गोठण्याचे भय नसते म्हणून कूलंट अनावश्यक आहे, असा समज चुकीचा आहे. ते गंज व पुटे रोखते आणि उकळबिंदूही काही अंशी वाढविते. भिन्न जातींची कूलंटे एकमेकांत मिसळू नयेत. रंग सारखा असला म्हणजे जात एकच असते असे नाही. ठरलेल्या मुदतीस ते बदलावे.

बहुतेक कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल हे द्रव्य चवीस गोड पण विषारी आहे. कुत्री, वासरे व लहान मुले ते पिण्याचा संभव असतो. काढलेले कूलंट गोठ्याजवळ, डोणीजवळ वा ओढ्यात ओतू नये. डबा कुलपात ठेवावा. कोणाच्या पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता तत्काळ दवाखाना गाठावा. जनावर असल्यास पशुवैद्यकास बोलवावे.

शेतात काटा तांबड्या पट्ट्यात गेल्यास

काटा चढू लागताच अवजार उचलावे, भार काढावा व इंजिन मध्यम मंद वेगाने मोकळे चालू ठेवावे. पंप व पंखा चालू राहिल्याने काही मिनिटांत काटा उतरतो. मात्र पट्टा तुटला असेल, पाणी भळभळा वाहत असेल किंवा वाफेचे लोट निघत असतील, तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे. वाफ निघत असता काटा एकाएकी खाली आला, तर इंजिन निवले असे मानू नये. काट्यास खबर देणारा भाग पाण्याबाहेर उघडा पडला म्हणजेही काटा खाली येतो. हा समय सर्वांत धोक्याचा होय.

तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. लाल झालेल्या तव्यावर पाणी टाकावे तसा हेडला तडा जातो. इंजिन निवू द्यावे, मग ते सुरू करून मंद वेगाने चालत असता कोमट पाणी सावकाश घालावे.

हवेने व वाहत्या पाण्याने थंड होणारी इंजिने

सर्वच इंजिनांना रेडिएटर नसतो. आयशर कंपनीचा फरिदाबाद येथील कारखान्यातून १९५९ मध्ये बाहेर पडलेला ट्रॅक्टर हा भारतात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर समजला जातो, आणि या नावाची हवेने थंड होणारी इंजिने पुढे शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची झाली. अशा इंजिनात सिलिंडरभोवतीचे पत्रे हेच जाळीचे काम करतात. त्यांवर तेलकट धूळ साचू न देणे हाच त्यांचा मुख्य उपचार.

विहिरीवरील डिझेल इंजिनांत बहुधा पंपाच्या पाण्यातूनच एक बारीक नळी इंजिनाकडे घेतलेली असते. बाहेर पडणारे पाणी चांगले गरम असावे, परंतु त्याची वाफ होऊ नये. धार बारीक झाली तर नळीतील गाळ काढावा. विहिरीचे पाणी तळास गेले असता ही धार बंद पडून इंजिन तापते, याकडे उन्हाळ्यात विशेष लक्ष असावे.

गावातील कार्यकर्त्याचे काम

खरिपाच्या तयारीबरोबर, मे महिन्यात, गावातील ट्रॅक्टरमालक व चालकांना एखाद्या सकाळी एकत्र बोलवावे. प्रत्येक ट्रॅक्टरची जाळी, पट्टा, होस पाइप, झाकण व ऑइल ही पाच स्थळे पाहण्यास फार वेळ लागत नाही. बुडबुड्यांची परीक्षा व थर्मोस्टॅट तपासण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी. ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले अधिक काळ लक्षात राहते. ज्या चालकांना अधिक शिकावयाचे असेल, त्यांना मध्य प्रदेशातील बुधनी येथे १९५५ पासून चालत आलेल्या केंद्रीय कृषी यंत्रे प्रशिक्षण व चाचणी संस्थेची माहिती द्यावी.

चालकाने आपल्या परीने रोज तीनच गोष्टी कराव्यात : सकाळी थंड इंजिनावर पाण्याची पातळी पाहावी, डिपस्टिक पुसून ऑइलचा रंग पाहावा, आणि जाळीवरील कचरा झाडावा. पाणी घालावे लागले, तर किती घातले ते त्याच दिवशी वहीत लिहावे. दोन दिवस लागोपाठ पाणी घालावे लागले, तर तिसऱ्या दिवशी नुसते पाणी न ओतता कारण शोधावे. पेरणीच्या आधी ते सापडले, तर दुरुस्ती बहुधा एका झाकणाची किंवा एका पाइपाची असते.